वाईट राज्यकर्तेही देवच नेमतो का?

कुठे जुलमी सत्ता आली, की मंडळीतील तरुण आणि ख्रिस्ती नसलेले स्नेहीही मला एकच प्रश्न विचारतात. बायबलमध्ये, प्रेषित पौलाने रोममधील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या, म्हणजे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रत्येक अधिकार देवाकडून आहे असे म्हटले आहे. मग जुलमी राजाही देवानेच बसवला, आणि त्याच्यापुढे मान तुकवणे हाच ख्रिस्ती धर्म, असे समजायचे का?

माझी श्रद्धा अशी आहे की, अधिकार देवाकडून आलेला आहे असे म्हणताच तो उसना ठरतो, आणि उसन्या वस्तूचा हिशोब धन्याला द्यावाच लागतो. पौलाने हे पत्र इसवी सन ५७च्या सुमारास लिहिले, तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. ज्या साम्राज्यात सम्राटांना देवत्व बहाल केले जात होते, तिथे पौल राज्यकर्त्याला देवाचा सेवक म्हणतो, आणि तेही लोकांच्या हितासाठी नेमलेला सेवक. हे विधान कोणत्याही सम्राटाला सुखावणारे नव्हते.

या बाबतीत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो पारसाचा, म्हणजे प्राचीन इराणचा, राजा कोरेश (सायरस). इसवी सनपूर्व ५३९मध्ये त्याने बाबेल (बॅबिलोन) जिंकले आणि तिथे बंदिवासात असलेल्या यहुद्यांना यरुशलेमेस परतून मंदिर बांधण्याची मोकळीक दिली. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर या परक्या राजाला आपला अभिषिक्त, म्हणजे आपल्या कामासाठी निवडलेला, म्हणतो आणि त्याच वेळी, तू मला ओळखत नाहीस, असेही त्याला सांगतो. बाबेलच्या अवशेषांत १८७९मध्ये सापडलेल्या कोरेशाच्या मातीच्या लेखात विजयाचे श्रेय मर्दुक या बाबेली दैवताला दिलेले आहे. काहींना यात बायबलचे खंडन दिसते; मला मात्र यशयाच्या शब्दांना मिळालेला दुजोराच दिसतो, कारण देवाने ज्याला कामाला लावले, त्याला आपण कोणाचे काम करत आहोत याचा पत्ताही नव्हता. देवाने वापरलेला माणूस त्यामुळे देवमाणूस ठरत नाही, ही गोष्ट आपण फार लवकर विसरतो.

दोषाचा प्रश्नही असाच आहे. तुला वरून अधिकार मिळाला नसता तर माझ्यावर तुझे काही चालले नसते, असे येशूने त्याचा न्याय करायला बसलेल्या रोमन सुभेदार पिलाताला सांगितले, आणि लागलीच, ज्याने मला तुझ्या हाती दिले त्याचे पाप अधिक आहे, असेही म्हटले. एकाचे अधिक, म्हणजे पिलातही निर्दोष सुटला नाही.

जर्मनीत हिटलरच्या काळात रोमकरांस पत्राचा हाच अध्याय पुढे करून कित्येक चर्चपुढाऱ्यांनी सत्तेची पाठराखण केली. मे १९३४मध्ये बार्मेन येथे जमलेल्या प्रोटेस्टंट प्रतिनिधींनी जाहीर केले की, न्याय आणि शांतता राखणे हे देवाने राज्यसंस्थेला नेमून दिलेले काम आहे आणि माणसाच्या सबंध जीवनावर ताबा सांगण्याचा तिला अधिकार नाही. तत्त्व दोघांनी एकच घेतले होते, पण देव सत्तेच्या वर आहे हे बार्मेनने शेवटपर्यंत धरून ठेवले.

आपल्या मंडळ्यांतही हे लागू पडते, आणि मला खरी कळकळ इथेच वाटते. जमाखर्चाविषयी कोणी विचारले की, देवाच्या अभिषिक्तावर हात टाकू नये, हे दाविदाचे उदाहरण सांगून त्याला गप्प केले जाते. दाविदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला एन-गेदीच्या गुहेत हाती सापडूनही मारले नाही, हे खरे. पण तो त्याच्या मागोमाग बाहेर आला, गुहेत कापून घेतलेला शौलाच्या झग्याचा काठ सर्वांदेखत दाखवला, तू माझा जीव घ्यायला टपला आहेस असे राजाच्या तोंडावर म्हणाला, आणि तुझ्यामाझ्यामध्ये परमेश्वर न्याय करो, असे त्याने ठणकावून सांगितले. दाविदाची ही गोष्ट ज्यांना आधाराला घ्यायची आहे, त्यांनी ती पुरती वाचावी आणि जमाखर्चाची वही मंडळीपुढे उघडावी.