‘द डिस्पझेस्ड’ काळाच्या क्रमानं: सम प्रकरणं संपली

स्पॉयलर भरपूर आहेत. कादंबरी वाचलेली नसेल तर इथूनच मागे फिरा.

उर्सुला ल ग्विनच्या या कादंबरीची (१९७४) मांडणी आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. प्रकरणं १३, पहिलं आणि शेवटचं दोन ग्रहांना जोडणारं, मधली सम अनारेसवरची (सरकार न मानणाऱ्या लोकांचा ग्रह), विषम उरासवरची (त्यांचे पूर्वज जिथून आले तो श्रीमंत ग्रह). अनारेसचा भौतिकशास्त्रज्ञ शेवेक याचं आधीचं आयुष्य आणि त्याची उरासची वारी आलटून पालटून येत राहते. या खेपेला तो क्रम मोडला. आधी २, ४, ६, ८, १०, १२, मग १ आणि त्यानंतर उरलेली विषम. सम सगळी हातावेगळी झाली आहेत.

छापील क्रमात अनारेस मला कायम जरा जास्तच गोजिरं वाटायचं. उरासवरचा थाटमाट आणि त्याखालची गरिबी पाहून आलं, की तो रखरखीत ग्रह आपोआप सोज्वळ दिसतो. तुलनेला उरास नसला की मात्र त्याला स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं, आणि मग भेगा दिसतात. कायदा नाही, तुरुंग नाही, पैसा नाही. तरी माणसाला गप्प बसवायची सोय चोख आहे.

दुसऱ्या प्रकरणातला तुरुंगाचा खेळ आठवतो ना? तुरुंग कधी पाहिलेलाच नाही अशी पोरं कुतूहलापोटी त्यांच्यातल्याच कदाग्वला, त्याच्याच खुशीनं, कोंडतात. बाहेर काढतात तेव्हा त्याची दशा पाहून शेवेकला उलटी होते. पूर्वी हा प्रसंग मला बालपणाचा एक तुकडा वाटायचा. आता सलग वाचताना पुढचं सगळं तिथूनच सुरू होतंय असं वाटलं. कोंडायला कुणी शिकवावं लागत नाही.

चौथ्यात साबुल, शेवेक जिथे काम करायला जातो त्या विज्ञानसंस्थेतला वरिष्ठ भौतिकशास्त्रज्ञ. त्याच्याकडे अधिकार असा काहीच नाही, पण उरासहून येणारी पुस्तकं आणि पत्रं त्याच्या हातातून जातात, बस्स. पुढे शेवेकच्या पुस्तकावर स्वतःचंही नाव लावून घेतो तो याच जोरावर. याच प्रकरणातला संस्थेच्या भोजनगृहातला गोड पदार्थ मला सगळ्यात आवडतो. इतरत्र तो क्वचित मिळतो, इथे रोज, आणि शेवेकला तो खाताना टोचतं. विशेषाधिकार कसा शिरतो हे ल ग्विन एका वाटीभर गोडात दाखवते. तिथे भाषण ठोकायचा मोह किती लेखकांना आवरला असता?

सहावं भराभर उरकलं. शेवेकची जोडीदार ताकव्हर येते हे खरं, पण या वाचनात कामाचा माणूस म्हणजे त्याचा बालमित्र बेडाप. साबुलची ताकद कुठून येते, तर लोकमताच्या धाकातून, हे तोच स्वच्छ बोलतो. त्यांचा दुसरा बालमित्र तिरिन, त्याचं काय झालं हेही त्याच्याकडूनच कळतं. एक नाटक लिहिलं, तर आधी जाहीर कानउघाडणी आणि अखेर वेड्यांचं इस्पितळ.

आठ आणि दहा हा दुष्काळाचा भाग, आणि माझ्या मते कादंबरीचा कणा. गाडी अडकते, प्रवासी उपाशी, गावातले लोक स्वतःचं अन्न राखून बसतात. त्यात कुणी दुष्ट नाही. नंतर शेवेकच्या वाट्याला याद्या करायचं काम येतं, म्हणजे कुणाचा शिधा किती कापायचा ते. तो ते सोडून देतो. पण यादी करायला दुसरा कुणीतरी बसतोच, आणि व्यवस्था चांगली असल्यानं ही यादी कुणाची, असं विचारायची सोय नाही.

या क्रमाचा तोटाही सांगतो. शेवेकचा काळाविषयीचा सिद्धांत क्रमिकता (घटना एकामागून एक घडतात) आणि समकालिकता (सगळे क्षण एकत्रच असतात) यांची सांगड घालू पाहतो, आणि कादंबरीची मूळ वीण त्यावरच बेतलेली आहे. काळानुसार वाचलं की नुसती क्रमिकता उरते. त्यामुळे पहिल्याच वाचनाला हा उद्योग कुणी करू नये.

बारावं संपवून लगेच पहिलं उघडलं. उरासला निघालेल्या शेवेकला अडवायला अंतराळतळाच्या भिंतीशी जमलेला जमाव, दगडफेक, त्यात मेलेला पहारेकरी. पूर्वी प्रश्न पडायचा की इतकी शहाणी माणसं दगड का उचलतात. बाराव्यातली, उरासशी संबंध ठेवावेत की नाही यावरची बैठक आणि तिथला शेवेकच्या आईचा, रुलागचा, विरोध ताजा असताना तो पडत नाही. आता तिसरं आणि पाचवं एका दमात वाचणार आहे. उरासची चमक या वेळी कितपत भुलवते ते तिथेच कळेल.