शासकीय की खासगी?

आज दिवसभर पालकांचा एकच प्रश्न: बी.एस्सी. कृषी शासकीय की खासगी? राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठल्याही कृषी विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेजात पदवी विद्यापीठाचीच मिळते, अभ्यासक्रमही तोच. फरक फीचा आणि प्रक्षेत्राचा. म्हणून माहितीपत्रक ठेवा बाजूला, कॉलेजचं शेत बघा. विहिरीला पाणी आहे का, माती परीक्षणाची उपकरणं चालू आहेत की कपाटात, सातव्या सत्रात 'रावे'ला, म्हणजे गावात राहून शेतीकामाचा अनुभव घेण्याच्या कार्यक्रमाला, मुलं खरंच गावात राहतात की नुसत्या वह्या भरतात (हे सीनियर मुलंच खरं सांगतील).

कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर मुलींचं शिक्षण शुल्क माफ, पण प्रवेश कॅप (शासनाची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतूनच हवा. मेस, वसतिगृह वेगळं धरा.

बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेला ४ वर्षांची पदवीच लागते. नुसतं खत-औषधांचं दुकान टाकायचं असेल, तर 'देसी' या कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीच्या १ वर्षाच्या पदविकेवर भागतं.