बाई मांबेतीबद्दल बोलतात तेव्हा

आमच्या चित्रपट मंडळाचं वार्षिक संमेलन यंदाही छान पार पडलं. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, हिशेबाला मंजुरी, पाहुण्यांना शाल-श्रीफळ हे सगळं रीतसर झालं. मला लिहायचंय ते शेवटच्या सत्राबद्दल. त्यात बाई उभ्या राहतात आणि सेनेगलचे चित्रपट दिग्दर्शक जिब्रील दिओप मांबेती यांच्यावर बोलतात. मग त्यांचा 45 मिनिटांचा अखेरचा चित्रपट दाखवतात. मंडळाचा हा शिरस्ता कधीही मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

बाईंनी जन्मभर भूगोल शिकवला. हातात कागद नसतो. सुरुवात ठरलेली: सेनेगलची राजधानी डाकार, तिच्याजवळचं कोलोबान, 1945 चा जन्म, घरात इमाम वडील. पोरगा नाटकवेडा. दानियेल सोरानो या राष्ट्रीय नाट्यगृहात नट म्हणून शिरला आणि बेशिस्तीबद्दल बाहेर काढला गेला. चित्रपटाचं कसलंही शिक्षण नसताना त्याने कॅमेरा हाती घेतला आणि 1973 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, ‘तुकी बुकी’ केला. मोटारसायकलच्या हँडलला बैलाची शिंगं बांधून फिरणारा मोरी आणि त्याची आन्ता, दोघांना पॅरिस गाठायचंय. बोटीत चढता चढता मोरी माघारी पळतो, आन्ता एकटी निघून जाते. पुढचा मोठा चित्रपट यायला 1992 उजाडलं. स्विस नाटककार ड्युरेनमाटचं नाटक कोलोबानच्या मातीत आणून केलेला ‘हायेना’, ज्यात मांबेती स्वतः ‘गाना’ नावाच्या पात्राच्या भूमिकेत आहेत. मधल्या वर्षांपाशी बाई थोडं थांबतात. एवढा गुणी माणूस आणि इतकी वर्षं मोठा चित्रपट नाही, याची हळहळ त्यांच्या आवाजात दर वर्षी तितकीच असते.

मग येतो ‘ल फ्रां’ हा चित्रपट, आणि इथे माझा गळा दाटतो. जानेवारी 1994 मध्ये तिथल्या सीएफए फ्रँक या चलनाची किंमत एकदम निम्म्यावर आणली गेली. त्याच दिवसांतला कफल्लक वादक मारिगो लॉटरीचं तिकीट चोरीला जाऊ नये म्हणून दाराला चिकटवतो. तिकिटाला नंबर लागतो, पण ते काही निघत नाही. मग पठ्ठ्या अख्खं दारच उखडून पाठीवर घेतो आणि डाकारभर हिंडतो. हे सांगताना बाई कमरेत वाकतात, दोन्ही हात मागे नेऊन दार धरल्यासारखे करतात आणि व्यासपीठावर चार पावलं चालतात. वय झालंय, गुडघे दुखतात, तरी चालतात. गरिबाचं ओझं असं अंगावर घेऊन दाखवणारी दुसरी वक्ता मी पाहिलेली नाही.

‘सूर्य विकणारी छोटी मुलगी’ हा तो अखेरचा चित्रपट लोकांपर्यंत पोचला 1999 मध्ये. मांबेती 1998 च्या जुलैतच पॅरिसमध्ये वारले होते. कुबडीवर चालणारी सिली पोरांच्या बरोबरीने ‘सोलेय’ (म्हणजे सूर्य) हे वर्तमानपत्र विकायला निघते. पोरं तिची कुबडी पळवतात, तेव्हा बाबू नावाचा मुलगा तिला पाठुंगळी घेतो. दिवे लागल्यावर बाई काही बोलत नाहीत, नुसत्या खाली बसतात.

एक सल मात्र आहे. सकाळी नटमंडळी येतात तेव्हा सभागृहात उभं राहायला जागा नसते. जेवणं झाली की फोटो काढून निम्मे लोक घरी. बाईंसमोर मागच्या रांगा रिकाम्या दिसतात, याचं वाईट वाटतं. सभासदांनी तरी थांबायला हवं. बाहेरगावचे दोघे जण एसटीने येऊन शेवटपर्यंत थांबतात. त्यांना जमतं ते गावातल्यांना का जमू नये?

आता आभार. नावं छापू नका असं सगळ्यांनी बजावलंय, म्हणून कामावरून सांगतो. रात्री जागून मराठी सबटायटल्स करणाऱ्या ताई, प्रोजेक्टर सांभाळणारा इंजिनिअरिंगचा मुलगा, सभागृहाची किल्ली घेऊन पहाटे येणारे रखवालदार मामा, फलक रंगवणारे निवृत्त चित्रकला शिक्षक, पोहे आणि चहा करणाऱ्या मावशी, त्यांची सून, खुर्च्या लावणारी कॉलेजची मुलं, माइक नादुरुस्त झाल्यावर दुकान बंद करून धावत आलेले साउंडवाले. आणि बाईंना रिक्षातून आणून परत घरी सोडणारे शेजारचे दादा. मागच्या वर्षीच्या अहवालात त्यांचा उल्लेख राहिला होता, तो या वर्षी आवर्जून घेतला आहे.