पंप धुतात तिथला नाला

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. दिवाळीची सुटी संपते तेव्हा नाल्याला पाणी असतं, पण घोट्याच्या वर नाही. चौथीच्या पोरांना न्यायला हाच काळ बरा. सोबत आइस्क्रीमचे पांढरे डबे, चहाच्या गाळण्या, रंगाचे ब्रश आणि एक भिंग.

वरच्या अंगाला पाणी दगडांवरून खळखळतं. तिथला एक दगड उलटा केला तर बोटाच्या पेराहून लहान, चपटे, तीन शेपट्यांचे जीव सैरावैरा पळाले. मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पिल्लं ती. डब्यात सोडून भिंग धरलं, तेव्हा पोटाच्या दोन्ही बाजूंचे कल्ले भराभर हलताना दिसले. दुसऱ्या दगडाला वाळूच्या कणांची नळी चिकटलेली. जरा वेळानं तिच्यातून डोकं बाहेर आलं. कॅडिसफ्लायची अळी तोंडातल्या रेशमानं कण जोडून हे घर बांधते, असं सांगितल्यावर मागून आवाज आला, "इच्या घराले मिस्तरी नाही लागत!"

मग खाली, पुलाजवळ. इथं फवारणीचे पंप धुतात, म्हणून चिखलात गाळणी मीच घातली. बारीक लाल अळ्या निघाल्या, चतुराचं एक पिल्लू निघालं. तीन शेपट्यांचं एकही नाही. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते या पोरांनी घरी ऐकलेलं आहे. एकानं निकालच दिला, "औषधानं मेले सारे." मलाही ते उत्तर सोयीचंच होतं.

"पण मॅडम, इथं पाणी वाहतच नाही न," वहीत आकडे लिहिणारी म्हणाली. "थे तं वाहत्या पाण्यात होते."

बिनतोड! खळखळत्या पाण्यात हवा मिसळते, मेफ्लायला तसा भरपूर प्राणवायू लागतो. लाल अळ्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी प्राणवायूच्या चिखलातही तग धरतात. मग पुलाच्या पुढं, पुन्हा दगड लागतात तिथवर गेलो. तीन शेपट्यांचे सापडले. थोडेच, पण सापडले.

निकाल देणारा हिरमुसला. "मंग नाल्यात पंप धुतला तं चालते काय?"

"अजिबात नाही. किडे मारायचंच औषध ते. पण आजच्या डब्यांवरून ते सिद्ध होत नाही."

त्याला पटलेलं दिसलं नाही. पुढच्या फवारणीत उघडीप मिळाली की यायचं, पुलाच्या वरचे आणि खालचे सारख्याच धारेतले दगड घ्यायचे, असं ठरलं. मोजायचं कोणी, यावरून परतताना भांडण झालं. वहीवालीनं वही काही सोडली नाही.