डायपरखालचा काळा डाग

सप्टेंबरातली गोष्ट, बांधावरचं गवत कापायला रोजाने जाणाऱ्या एक काकू रात्री दोनला आमच्या आयसीयूत आल्या. नऊ दिवसांचा ताप, आधी गावात सलाईन, मग तालुक्याला डेंग्यू म्हणून ऍडमिट, आणि नवरा एकच सांगत होता, "साहेब पांढऱ्या पेशी लय कमी झाल्या." म्हणजे प्लेटलेट, विदर्भात काय आणि पुण्यात काय, सगळे प्लेटलेटला पांढऱ्या पेशीच म्हणतात, मी दुरुस्त करणं सोडलंय. खऱ्या पांढऱ्या पेशी उलट वाढलेल्या होत्या, डेंग्यूत बहुतेक वेळा कमी होतात, तिथेच खटकायला हवं होतं. बीपी लागेना, डोळे पिवळे, लघवी बंद, बोलणं असंबद्ध. तासाभरात व्हेंटिलेटर आणि बीपी वाढवणारं नॉरऍड. मी फाईलवर सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला, असं लिहिलं आणि मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक लावलं.

सकाळी सहाला सिस्टर आणि मावशी स्पंजिंग करत होत्या, पडद्याआडून हाक आली, "सर, कावीळ उतरवायला डाग दिलाय का हो यांना?"

जांघेत, डायपरच्या इलॅस्टिकखाली, वाटाण्याएवढी काळी खपली, कडेने लालसर, विडीचा चटका बसल्यासारखी. एस्कार, म्हणजे किडा चावलेल्या जागी धरणारी खपली! रात्री मी चादर बेंबीपर्यंतच सरकवली होती, बाई माणूस, मध्यरात्र, सोबत सिस्टर मोकळी नव्हती वगैरे, खरं सांगायचं तर सुचलंच नाही.

स्क्रब टायफस. (टायफॉईड नाही! नातेवाईकांना हे समजावण्यात माझे दिवस जातात, त्यात वायडाल, म्हणजे टायफॉईडची टेस्ट, पॉझिटिव्ह आलेली असली की संपलंच.) गवता-झुडपातल्या माइट नावाच्या किड्याची पिल्लं चावतात, इतकी बारीक की गोचिडासारखी दिसत पण नाहीत, आणि ताप येतो तो सहसा दहाबारा दिवसांनी, तोवर कोणाला काय आठवणार. चावा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट आपणहून सांगत नाही, आणि श्वासाची ट्यूब टाकलेला तर सांगूच शकत नाही. जागा पण कशा, काख, जांघ, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली, कानामागे. घामाच्या ओल्या जागी तर काळी खपली धरतच नाही, नुसती उथळ पिवळट जखम दिसते आणि आपण फंगल म्हणून पुढे जातो.

याचा जंतू पेशीच्या आत राहतो, शिवाय मेरो आणि सेफ्ट्रीऍक्सोनसारखी अँटिबायोटिक्स जंतूची जी भिंत फोडतात तसली भिंत त्याला जवळपास नाहीच, त्यामुळे कितीही महागडं इंजेक्शन लावा, तो मजेत. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजवतो, वाहिन्या झिरपायला लागतात, मग फुफ्फुस, किडनी, लिव्हर, मेंदू एकेक करून.

काकूंना लगेच शिरेतून डॉक्सी आणि ऍझिथ्रो (डॉक्सिसायक्लिन आणि ऍझिथ्रोमायसिन, यावर चालणारी अँटिबायोटिक्स) दोन्ही सुरू केलं. गंभीर पेशंटमध्ये दोन्ही एकत्र द्यायचं हे आपल्याच देशातल्या सात हॉस्पिटलांनी मिळून दाखवलंय, 2023 ला छापून आलं, जवळपास आठशे पेशंट. मृत्यू तिन्ही गटांत (नुसती डॉक्सी, नुसतं ऍझिथ्रो, दोन्ही) सारखेच होते हे पण खरं, पण सातव्या दिवशी कॉम्प्लिकेशन शिल्लक असलेले पेशंट दोन्ही दिलेल्या गटात कमी होते.

एलायझाची, म्हणजे स्क्रबच्या रक्ततपासणीची, वाट बघायची नाही, ती ज्या आयजीएम अँटिबॉडी शोधते त्या पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकतात. आणि वाइल-फेलिक्स ही जुनी, बऱ्याचदा चुकणारी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निवांत झोपणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

2018 ला नागपूर आणि आसपास साथ आली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी हे नाव होतं, काही महिने प्रत्येक पेशंटच्या काखा तपासल्या जायच्या, नंतर परत डेंग्यू एके डेंग्यू.

काकूंचा ताप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला, ट्यूब पाचव्या दिवशी निघाली. त्याच आठवड्यात शेजारच्या बेडवर एक गुराखी काका आले, तसाच ताप, तशीच लिव्हर. मी, सिस्टर आणि मावशींनी मिळून कानामागपासून तळव्यापर्यंत पाहिलं, एस्कार कुठेच नाही. असं बऱ्याच जणांत असतं. डॉक्सी तरी लावलीच, एलायझा पॉझिटिव्ह यायला तीन दिवस लागले आणि तोवर काका चहा मागत होते.