पेंचचा पळस अन् रामटेकचं क्रीमबिस्कीट

मार्चमध्ये नागपूरहून पेंचला जाऊन आलो, सिल्लारी गेटची सकाळची सफारी. वाघ दिसला नाही, तो विषय इथंच संपला.

मला सांगायचंय ते एका पळसाबद्दल. पानं जवळपास गळलेली, झाड नुसतं केशरी, अन् वर पंधरा-वीस वांदरं, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. एक मादी पिल्लाला पोटाशी धरून बसली होती, फांदी ओढायची, फूल तोडायची, देठाकडचा भाग चावून बाकीचं खाली सोडून द्यायची, आणि खाली सात-आठ चितळं ते वेचून राहिली होती. गाइडदादा म्हणाले, "ताई, वांदर खाते कमी, सांडते जास्त." वरच्याला लांबचं दिसतं, खालच्याचं नाक तिखट, बिबट्याची चाहूल ज्याला आधी लागेल तो ओरडतो अन् दोघंही वाचतात.

पण मागच्या सीटवरचे लोक सुरू झाले, "वांदरं तर आमच्या गच्चीवर येतात, वाघ दाखवा ना!" पाच मिनिटांत जिप्सी हलली. खूप राग आला मला, अजूनही आहे.

कारण हा प्राणी साधा नाहीच. पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं, फक्त रवंथ करत नाही. पुढच्या कप्प्यात जिवाणू पानं आंबवतात, त्यातूनच त्याला ताकद मिळते, म्हणून जून, चिवट पानांवरही त्याचं निभतं, लाल तोंडाच्या माकडाला ते जमत नाही. कोवळी पालवी मिळाली तर ती आधी, त्यात प्रोटीन जास्त अन् चोथा कमी. मग तासन्तास फांदीवर बसून राहायचं, पचायला वेळ लागतो. अशा पोटात साखर, मैदा गेला की भराभर आंबतं, आम्ल वाढतं, जनावर आजारी पडतं.

हे सगळं डोक्यात घेऊन परतताना रामटेकला थांबलो. गडाच्या पायऱ्यांवर एक कुटुंब पुडा फोडून वांदरांना क्रीमबिस्किटं वाटत होतं. मी म्हटलं, काका, नका देऊ, पोट बिघडतं त्यांचं. "मारुतीचं रूप आहे बेटा, पुण्य लागते." अहो, मीही हात जोडते मारुतीला, म्हणूनच तर सांगत होते! ऐकलं नाही. एका मोठ्या नरानं बिस्कीट उघडलं, क्रीम चाटलं, बाकीचं पायरीवर टाकलं अन् परत हात पुढे केला.

बाजूच्या पिंपळाला तांबूस पालवी फुटली होती. त्यावर एकही वांदर नव्हतं.