ठेकेदाराने कापलेला पैसा गेला कुठे?

'पगार कमी आला' एवढ्यावर ठेकेदाराशी भांडून काही हाती लागत नाही. किती कमी आला आणि स्लिपच्या कोणत्या रकान्यातून गेला, ते आधी काढा.

महाराष्ट्रातला हिशोब घेऊ. बेसिक-डीए 15,000, भत्त्यांसह ग्रॉस 18,000. यातून कामगाराचा पीएफ 1,800 (12 टक्के), ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा 135 (ग्रॉसच्या 0.75 टक्के) आणि व्यवसाय कर 200 कापला जातो, फेब्रुवारीत हा कर 300. महिलांना 25,000 पर्यंत तो माफ आहे, तरी कापलेला दिसतो. म्हणजे हातात 15,865 यायला हवेत. पण कित्येक स्लिपांवर मालकाचा वाटाही कपातीतच चढवलेला असतो: पीएफ आणि त्यावरचे चार्जेस 1,950, ईएसआय 585. मग हातात पडतात 13,330. विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'सीटीसीवर सही केलीस ना?' सीटीसी म्हणजे तुमच्यावर मालकाचा होणारा एकूण खर्च. सीटीसीच्या कागदावर तो वाटा वेगळा दाखवणं ठीक. ठरलेल्या ग्रॉसमधून वजा करणं बेकायदा, सही असो वा नसो.

आता पीएफचं पासबुक उघडा. वर दिलेल्या पगारावर दरमहा तीन आकडे दिसायला हवेत: तुमचे 1,800, मालकाचे 550 आणि पेन्शनचे 1,250. भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत करायचा असतो. नोंदच नसेल तर चोरी लगेच कळते. जास्त फसवं प्रकरण अर्धवट भरण्याचं. स्लिपवर 26 दिवस हजेरी, पीएफकडे मात्र बिनपगारी दिवस दाखवून वेतन 10,000. म्हणून पासबुकातला वेतनाचा आकडा स्लिपशी ताडून बघा.

टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या आयकराचा घोळ निराळा. काही एजन्सी कामगाराला 'कन्सल्टंट' दाखवून 10 टक्के कापतात आणि पीएफ-ईएसआयमधून सुटतात. आर्थिक वर्ष 2025-26 च्या 26एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे जमा झालेल्या टीडीएसच्या उताऱ्यात, कलम बघा: 192 म्हणजे पगार, 194जे म्हणजे प्रोफेशनल फी. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न 31 मेपर्यंत भरता येतं, त्यामुळे एप्रिलमध्ये रक्कम दिसली नाही म्हणून घाबरू नका. जूनमध्येही नसेल तर स्लिप आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा. कापलेला कर एजन्सीने भरला नाही, म्हणून तोच कर आयकर खातं तुमच्याकडून पुन्हा वसूल करू शकत नाही. जास्त कापलेला कर मात्र आयकर रिटर्न (आयटीआर) भरल्याशिवाय परत मिळत नाही.

तक्रार चुकीच्या दारात गेली की महिने फुकट जातात. पीएफची तक्रार ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर, ईएसआयची ईएसआयसीकडे, वेतनाची कामगार आयुक्तालयात. रेल्वे, बंदर, बँक अशा ठिकाणी काम असेल तर केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे.

अर्जात मेन कंपनीचं, म्हणजे ठेकेदाराने तुम्हाला जिथे कामाला लावलंय तिचं, नाव घालाच. ठेकेदाराने वेतन किंवा पीएफ बुडवला तर ती जबाबदारी कंपनीवर येते. पुष्कळ कंपन्या मागच्या महिन्याचं पीएफ चलन बघूनच ठेकेदाराचं बिल सोडतात. तेव्हा स्लिप आणि पासबुकाची पानं जोडून एचआरला मेल टाकायचा तो बिल पास होण्याआधी.